राहिलेला मायनस

"मॅडम, साठ-साठ-साठ ठेवा ना, विषय संपला!" मागच्या बाकावरून शिवम ओरडला आणि मंजुषाबाईंचं टाळकं सरकलं.

औरंगपुऱ्यातल्या या क्लासात त्या बारावीला सीईटीचं गणित शिकवत. 'ट्रिक शिकवा, नाहीतर ही बॅच काढून घेतो,' असं मालक ऋतुराजनं कालच बजावलं होतं. ऋतुराज म्हणजे त्यांचाच जुना विद्यार्थी! आज फळ्यावर त्रिकोणाचे कोन होते. कॉस टू-ए, कॉस टू-बी, कॉस टू-सी यांची बेरीज काढायची होती; खाली उत्तराचे चार पर्याय.

"ठेव तिन्ही कोन साठ. काय येतं?"

"मायनस दीड."

"आता पर्याय बघ. पहिल्याचं मायनस दीड, तिसऱ्याचंही तेच. मग?"

"मग कोणतंही एक ठोकायचं!" वर्ग खिदळला.

"अरे, जगातल्या सगळ्या त्रिकोणांनी तुझ्या सोयीसाठी साठचे कोन करून घ्यायचे का?" बाई कडाडल्या आणि तरातरा पायऱ्या लिहू लागल्या. तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी, म्हणून ए अधिक बीचा कॉस म्हणजे मायनस कॉस सी. तो मायनस त्यांनी मुद्दाम गाळला. दरवर्षीच गाळायच्या. कुणीतरी "मॅडम, मायनस राहिला!" असं ओरडेपर्यंत पुढं जायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. एके वर्षी तर ऋतुराज बाकावर उभा राहून ओरडला होता.

बाई थांबल्या. पोरांनी मुकाट्यानं ओळ उतरवली.

तेवढ्यात ऋतुराज दारात आला. त्यानं पोरांना सोडून दिलं.

"मॅडम, पोरं म्हणतात, एका गणितात लई वेळ जातो. उद्यापासून बारावी ते नवे सर, सत्यम, घेतील. तुम्ही आठवी बघा."

"मला सांगतोस? तुला कोन म्हणजे काय, हे मी शिकवलं रे!"

"तवा पायऱ्यांना मार्क होते, मॅडम. आता नुसता पर्याय निवडायचाय."

बाईंनी फळ्याकडं बोट केलं. "बरं. जाते आठवीला. आधी ही ओळ वाच."

ऋतुराजनं फळ्याकडं पाहिलं, मग मोबाइलकडं. "बरोबर हाय की. काय झालं?"

बाईंनी कॉस सीच्या आधी आडवी रेघ ओढली. जोर एवढा लागला की खडू मोडला. उरलेला तुकडा फळ्याखाली ठेवून, पांढरे हात पदराला पुसत त्या जिना उतरल्या.