प्रीतमच्या जागेवरचं गवत

मी एक जुनी जाळी आहे. मित्रांनो, मला बघून तुम्हाला वाटेल की मी मासे धरत असेन. तसं वाटणं अगदीच चूक नाही, कारण मला विणलं कोळ्यांच्या घरात. पण माझ्यात मासे कधी आले नाहीत. माझ्यात फुटबॉल आले. आणि एका वर्षी लोक म्हणू लागले की माझ्यात आणखी कोणीतरी आहे.

उरणजवळ मोरा बंदरावर शेवंताबाई राहतात. त्यांचा मुलगा प्रीतम तुर्भ्याच्या 'सागरनील' या रंग बनवणाऱ्या कंपनीत गोलकीपर होता. कंपनीत गोलकीपर, हे ऐकून हसू नका. त्या काळी काही कंपन्या आपला फुटबॉल संघ बाळगत. खेळाडूंना पगार असे आणि खेळणं हेच त्यांचं काम असे. सागरनील मुंबईच्या लीगमध्ये वरच्या गटात होती आणि काही सामने कंपनीच्या मैदानावर होत. त्र्याण्णव साली रस्त्याकडच्या गोलची विकतची जाळी फाटली, तेव्हा प्रीतम म्हणाला, "आईला सांगतो." शेवंताबाईंनी बांबूच्या सुईने मला एकवीस दिवसांत विणलं. हाताशी एक लाकडी पट्टी असे, त्यामुळे माझे सगळे चौकोन एकाच मापाचे झाले. गाठ अशी, की ओढली तर घट्ट होते, सरकत नाही.

तीन हंगाम मी सुखात होते. सामन्याआधी प्रीतम गोलच्या बरोबर मध्ये टाचेने एक आडवी रेघ ओढायचा. मग मागे येऊन मला एकदा खेचून बघायचा आणि म्हणायचा, "आये, लक्ष ठेव." हे तो मला म्हणायचा की शेवंताबाईंना, ते मला कधीच कळलं नाही.

शहाण्णवच्या ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमेला आठ दिवस उरले असताना, वादळात त्यांच्या होडीचा दोर तुटला आणि ती मोऱ्याहून वाहत निघाली. प्रीतम आणि त्याचा मामा तिला आणायला गेले. मामा परत आला. प्रीतमला बारा दिवस शोधलं. काही सापडलं नाही.

हंगाम सुरू झाला त्या दिवशी नामदेव नारळ घेऊन आला. हा तुर्भे गावचा, कंपनीत टर्नर आणि संघाचा सगळ्यांत जुना पाठीराखा. प्रीतमची रेघ असायची त्या जागी त्याने नारळ ठेवला. कामगारांनी चपला काढल्या. नवा गोलकीपर हमझा, नावड्याचा, बावीस वर्षांचा, तोही मान खाली घालून उभा राहिला. शिट्टी व्हायच्या आत नामदेवने नारळ उचलून खांबामागे ठेवला. पुढे प्रत्येक सामन्याला तोच नारळ आणि तेच उभं राहणं. सगळं प्रेमानेच चाललं होतं, हे मी सांगून ठेवते.

पण संघ हरत गेला. मला आकडे लक्षात राहतात, कारण प्रत्येक गोल माझा एखादा चौकोन ताणून जातो. घरच्या मैदानावर पाच सामन्यांत आम्ही चौदा गोल खाल्ले. टेकडीकडच्या गोलमध्ये तीन. माझ्यात अकरा. त्या अकरांतले नऊ डाव्या कोपऱ्यात.

पाठीराख्यांनीही मोजलं होतं. सामन्याच्या मध्यावर संघ बाजू बदलतात. हमझा टेकडीकडे असला की ठीक खेळतो आणि इकडे आला की चेंडू सुटतात, हे त्यांना दिसत होतं. कोच ओरडायचे, "हमझा, मध्ये ये." हमझा मध्ये सरकायचा. पाच मिनिटांनी पुन्हा उजवीकडे गेलेला असायचा. लोक एकमेकांकडे बघायचे. प्रीतम त्याला बाजूला करतो, असं कोणीतरी हळूच म्हणालं आणि मग ते सगळेच म्हणू लागले.

वारा नसताना मी हलते, हेही त्यांनी पाहिलं. ते खरं होतं. मला स्वतःलाही त्याची भीती वाटायची.

फेब्रुवारीत शेवटचा सामना आला. बरोबरी झाली तरी संघ वरच्या गटात राहणार होता. हरला तर खाली जाणार होता, आणि खाली गेल्यास संघ बंद करण्यात येईल, अशी सूचना कंपनीच्या फळ्यावर लागली होती. बाकीच्या खेळाडूंना कंपनीने खात्यांत घेतलं असतं. हमझाची नोकरी मात्र कायम झालेली नव्हती. त्याला घरी जावं लागलं असतं.

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, दहाबारा जण माझ्यामागे जमले.

"जाली काढा," नामदेव म्हणाला. "उद्या दुसरी लावू."

कँटीन चालवणारे खुर्शीदभाई कप हातात घेऊन उभे होते. "आणि दुसरीतपण गोल खाल्ला की मैदान काढशील?"

"तुमी थट्टा करा. वारा नाय तरी हलते, दिसत नाय तुमाला?"

"मागून टँकर जातोय, नामदेव. माझ्या कपातला चहापण हलतोय. त्यात कोण बसलंय?"

कोणी हसलं नाही. खुर्शीदभाईंनी चहाकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. "काढा तर काढा," ते म्हणाले. "पण ती बाई आज येतेय फाटलेलं शिवायला. तिला तूच सांग, तुझ्या हातची जाळी अपशकुनी आहे म्हणून."

"मी कशाला? तुमी वयानं मोठे."

"वाह. नारळ ठेवायला तू आणि सांगायला मी."

उरणच्या एसटीने शेवंताबाई आल्या, तेव्हा दोघांपैकी कोणीच काही बोललं नाही. पण गप्प बसलेली माणसं पुष्कळ सांगतात. त्यांनी सुई काढली, माझ्या डाव्या कोपऱ्याशी बसल्या आणि मान वर न करता म्हणाल्या, "बोला. माझा पोर तरास देतो, असंच ना? एसटीत दोघं बोलत होते. त्यांना काय माहीत मी कोन."

नामदेव पायाकडे बघत राहिला.

तेवढ्यात हमझा सरावाला आला आणि त्यांना "सलाम, मावशी" करून गोलमध्ये उभा राहिला. शेवंताबाईंची नजर जमिनीच्या उंचीवर होती. त्यांच्या हातातली सुई थांबली.

मित्रांनो, गोलच्या तोंडाशी गवत टिकत नाही. गोलकीपरच्या पायांखाली तिथली माती उघडी पडते. पण माझ्यासमोर, अगदी मध्ये, परातीएवढ्या जागेत हिरवं गवत उगवलं होतं. त्याच्या उजवीकडे दीड हातावर हमझाच्या बुटांनी दोन खळगे पाडले होते. पाठीराख्यांनी ते गवत पाहिलं होतं आणि त्याला प्रीतमची खूण म्हटलं होतं. मी मागून रोज बघत होते. तिथे कोणाचाच पाय पडत नव्हता, एवढंच त्या गवताचं कारण होतं. पण जाळीला बोलता येत नाही.

"बाला," शेवंताबाईंनी हाक मारली, "असा कडेला का उभा तू?"

हमझा गोंधळला. "मावशी, ती जागा त्याची आहे. सगळे चपला काढतात तिथे. मी बूट घालून कसा उभा राहू? कोच सांगतात तेव्हा सरकतो. मग पाय आपोआप बाहेर येतो."

शेवंताबाईंनी सुई खाली ठेवली. मागून एक टँकर गेला आणि मी हलले.

"आमच्या घरान पन त्याचं ताट वाढते मी," त्या म्हणाल्या. "दाराच्या समोरची जागा. तिथं त्याचा बापूस बसत नाय. कोन पाव्हना आला तरी मी बसू देत नाय. सहा महिने झाले." मग त्यांनी गवतावर हात फिरवला. "जागा रिकामी ठेवली, म्हनून आला का तो?"

नामदेव पुटपुटला, "मावशी, आमी मानानं ठेवला नारळ."

"माहीत हाय. पन नारळ असा ठेवायचा नसतो, रे. नारळ दर्याला द्यायचा असतो. या नारळी पुनवेला सगळ्या गावानं दिला, मी नाय दिला. दर्यावर रुसले होते." त्यांनी खांबामागचा नारळ उचलला आणि पिशवीत टाकला. "हा मी नेते. माझा राहिलाय तो."

मग त्यांनी हमझाला कोपराला धरलं आणि गवतावर आणलं. तो आधी टाचांवर उभा राहिला. मग त्याने हळूहळू पूर्ण पाय टेकले. शेवंताबाईंनी मागे येऊन मला एकदा खेचून बघितलं आणि पिशवी उचलून एसटीकडे चालू लागल्या. फाटलेला एक चौकोन तसाच राहिला होता. त्यासाठी त्या मागे वळल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी तिथेच होते. नामदेव रिकाम्या हातांनी आला होता आणि हातांचं काय करावं, हे त्याला कळत नव्हतं. पहिल्या अर्ध्यात आमचा एक गोल झाला. दुसऱ्या अर्ध्यात हमझा माझ्याकडे आला. त्याने खाली पाहिलं आणि बुटाने गवत बाजूला सारून एक रेघ ओढली. डाव्या कोपऱ्याकडे तीन चेंडू आले. तिन्ही त्याने अडवले. मग एक साधासा चेंडू उजवीकडून सरपटत आला आणि त्याच्या हातांखालून माझ्यात शिरला. एक-एक.

सगळे माझ्याकडे बघत होते.

"हा हमझाचा," खुर्शीदभाई शांतपणे म्हणाले. "हा गोल शंभर टक्के हमझाने खाल्लाय. प्रीतमचा काही संबंध नाही."

नामदेव आधी हसला. मग सगळेच हसले, हमझासुद्धा. सामना एक-एकवरच संपला आणि संघ राहिला. जूनमध्ये हमझा कायम झाला.

पुढे दोन वर्षांनी कंपनीने संघ बंद केलाच. मला गोदामात टाकलं, उंदरांनी माझी एक कड कुरतडली. शेवटी हमझा मला खांद्यावर टाकून मोऱ्याला घेऊन आला. आता शेवंताबाई अंगणात वाळत घातलेल्या मांदेलीवर मला पसरतात, म्हणजे कावळे येत नाहीत. राहिलेला तो चौकोन त्यांनी शिवला. इथे माझ्या मागून कोणताही रस्ता जात नाही. तरी कधीकधी, वारा पडलेला असताना, मी हलते. त्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

अंगणातून घरातलं दिसतं. दारासमोरच्या जागेवर आता प्रीतमचे वडील जेवायला बसतात. जेवताना ते दाराकडे बघतात.

मित्रांनो, तुमच्याजवळ एखादी जाळी असेल तर तिला ओलाव्यात कुजू देऊ नका, आणि एक चौकोन तुटला तर त्याच दिवशी गाठ मारा, कारण भोक आपोआप लहान होत नाही. गेलेल्या माणसाची आठवणही जरूर ठेवा. फक्त ती जिथे ठेवाल तिथे दुसऱ्या कोणाला उभं राहायचं नाही ना, एवढं आधी बघा. आणि तिथे गवत उगवलेलं दिसलं, तर एकदा त्यावर पाय ठेवून बघा.