दोन पेपरांमधला डबा

मुलुंडच्या सेंटरवर पहिला पेपर बाराला सुटला आणि दुसरा अडीचला होता. मधल्या अडीच तासांत पेपरबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं तिघांनी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. आयआयटीची परीक्षा, दोन्ही पेपर द्यावेच लागतात, एक बुडवला की सगळंच बाद. दुपारच्या सुट्टीत उत्तरं जुळवत बसायचं आणि मग हातपाय गाळून आत जायचं, असली शहाणी मुलं दरवर्षी निघतात. म्हणून नियम मनालीने केला होता आणि चैतन्यने गळ्याची शपथ घेऊन तो मान्य केला होता.

ती शपथ पहिला घास पोटात जाईपर्यंत टिकली.

कार्लची आई, मार्सेलिना आंटी, चर्चमधली रविवारची मिस्सा उरकून मरोळहून रिक्षाने डबा घेऊन आल्या होत्या. तिघांना एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवून, हातात फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोल पाव, आणि चिकन देऊन, त्या थंड पाण्याच्या बाटल्या आणायला गेल्या. त्यांची पाठ वळते न वळते तोच चैतन्यने तोंड उघडलं.

"ती उतारावरून गडगडत येणारी रिंग होती ना, तुझं किती आलं रे?"

मनालीने त्याला कोपराने ढोसलं, पण कार्ल 'दोन' म्हणून मोकळा झाला होता.

"चार ना?" चैतन्य म्हणाला.

कार्लने हातातला फुगा डब्यात परत ठेवला. केमिस्ट्री आधीच बोंबलली होती. सबंध पेपरात छातीठोकपणे सांगावं असं त्याचं हे एकच उत्तर होतं. चैतन्य क्लासचा पहिला नंबर, त्याचं चार म्हणजे चारच. कार्ल शांतपणे म्हणाला, "मम्मी आली की मी घरी जातो. उगाच आत बसून काय करू?"

मनालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं पहाटे पाचला उठून तिघांनी एकत्र अभ्यास केला, तो काय या पायरीवर बसून सोडून द्यायला? चैतन्यच्या डोक्यात डब्याचं झाकण घालावंसं तिला वाटलं. कार्लचाही राग आला. एवढा सहा फुटी घोडा, आणि एका आकड्याने गारद. तिचं स्वतःचं उत्तर चारच होतं आणि त्याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. पण आता खरं बोलून उपयोग काय?

"माझं पण दोनच आलंय," ती म्हणाली.

कार्लने मान वर केली. तिने पुन्हा सांगितलं, अगदी डोळ्याला डोळा भिडवून. त्याने फुगा परत उचलला.

पण मग चैतन्यचा चेहरा उतरला. दोघांचं दोन? म्हणजे त्याचं चुकलं, मग बाकीची कुठली कुठली चुकली असतील? आपल्याला मळमळतंय, आपल्याच्याने आता होणार नाही, असं तो सुरू झाला. एकाला उचलावं तर दुसरा आडवा. या मुलांचं करायचं तरी काय, मनालीला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात चैतन्यने पेपर नॅपकिन ओढला आणि त्यावर गणित मांडायला घेतलं. आता चार येणार, कार्ल बघणार आणि आपलं खोटं उघडं पडणार. तिने नॅपकिन हिसकायला हात घातला, पण त्याने तो गुडघ्याखाली दाबून धरला.

मग त्याचं पेन थांबलं.

"च्यायला, मी नुसती घसरवली तिला. फिरणं धरलंच नाही. अर्धी एनर्जी तर फिरण्यातच जाते. दोनच आहे यार."

आणि गंमत म्हणजे तो एकदम बरा झाला. चूक सापडली, एकच गेलं, जाऊ दे, म्हणत त्याने चिकनचा मोठा तुकडा उचलला.

मनालीला सकाळच्या पेपरची आपली कॉम्प्युटरची स्क्रीन जशीच्या तशी दिसली. तिनेही रिंग नुसती घसरवली होती. पुढे फिरणाऱ्या चाकांची आणखी दोन गणितं होती. त्यांत काय केलं होतं? काही केल्या आठवेना. आणि विचारणार कुणाला? दोघांच्या लेखी तिचं बरोबर होतं.

आंटी बाटल्या घेऊन आल्या. कार्ल त्यांना म्हणाला, "मम्मी, मनाली नसती ना, तर मी घरी आलो असतो." आंटींना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी उरलेले दोन्ही फुगे मनालीच्या हातावर ठेवले.

सव्वा दोनला गेट उघडलं. मनालीचे फुगे तसेच हातात होते.

"तू कशाला टेन्शन घेतेस?" कार्लने विचारलं. "तुझं तर बरोबर आहे."

"हो ना," ती म्हणाली, आणि त्या दोघांच्या मागे रांगेत उभी राहिली.