महिनाभर आधी सांगून

आचल पटलेने नोकरी सोडली ती आजी वारल्याचं सांगून. सोमवारी सकाळी निर्मला मॅडमना फोन केला, फोनवर रडली, तेरवी आटोपली की येतो म्हणाली. गोंदियाच्या त्या खाजगी दवाखान्यात डायलिसिसच्या चार मशीन, आणि त्या चालवणाऱ्या पोरी दोनच, आचल आणि सोनिका. सोनिकाने तिचं कामही अंगावर घेतलं. वाईटही वाटलं बिचारीला. पंधरवड्याने आचलचा फोटो मोबाइलवर आला. तिरोड्याला नवं डायलिसिस सेंटर उघडलं होतं आणि ही तिथे नवाकोरा एप्रन घालून हसत उभी होती.

त्या पंधरवड्यात सोनिकाला जेवायची शुद्ध नव्हती. एकटीने किती मशीन बघणार? पेशंटांचे नंबर पुढे ढकलावे लागले. सालेकशाकडच्या सेवकरामचाही ढकलला. त्याच्या छातीत पाणी भरलं, धापा टाकत आला तो सरळ आयसीयूत गेला. वाचला, पण त्याची बायको सुशीलाबाई काचेपलीकडून जशी बघत होती, ते डोळे सोनिकाला विसरता येईनात. आचलचं नाव निघालं की तिच्या तोंडाला कडूपणा यायचा.

आणि त्याच आचलचा एक दिवस फोन आला.

"आमच्या इथं मशीन वाढून राहिल्या. मी कैलाश सरले तुयं नाव सांगितलं. तुया घरून स्कूटीनं येता येते. कायले रोज गाडीनं गोंदियाले मरतेस?"

सोनिकाचं सासर तिरोड्याजवळच होतं. रोजच्या रेल्वेने ती विटली होती. हो म्हणायला तिला राग गिळावा लागला, पण तिने तो गिळला.

"अन् नोटीस-गिटीस देत बसू नको," आचल म्हणाली. "ते मॅडम तुले सोडत नाही. सासू बिमार आहे म्हण अन् निघ."

"सासू धडधाकट आहे."

"मायी आजी तर मी दहावीत होती तवाच गेली. कोन पाहायले येते?"

"सेवकराम मरता मरता वाचला, तुले माहीत आहे?"

आचल तडकून म्हणाली, "मॅडमनं तिसरी पोरगी काऊन नाही ठेवली? त्याचं पाप माया डोक्यावर नको टाकू."

यात तथ्य होतं. म्हणूनच सोनिका आणखी पेटली आणि तिने फोन ठेवला.

तिरोड्याच्या सेंटरचे मॅनेजर कैलाश बोपचे यांना ती लगेच हवी होती. महिनाभर नोटीस द्यावी लागते, असं तिने सांगितलं. ते कुरकुरले, पण थांबतो म्हणाले. मग ती निर्मला मॅडमच्या केबिनमध्ये गेली. मॅडम डॉक्टरांच्या पत्नी. दवाखान्याचा कारभार त्यांच्या हातात.

"अच्छा. मतलब तूही," मॅडम म्हणाल्या. "कहाँ?"

इथे खोटं बोलायला जागा होती. सोनिका बोलली नाही. "तिरोड्याले. आचल आहे तिथंच."

"त्या पोरीनं निदान लाजेखातर खोटं सांगितलं. तू तर तोंडावर सांगून राहिली."

"महिनाभर काम करतो, मॅडम. नवीन कोनी आली तर शिकवून जातो."

"उपकार करून राहिली का? सुई धरायले इथं शिकली तू."

मॅडमना तिला तिथल्या तिथे हाकलायचं होतं, पण मशीनवर कोण बसणार? म्हणून त्यांनी तिला ठेवलं आणि त्या ठेवण्याचा वचपा काढला. रविवारची सुट्टी गेली. नर्सबायांना तिच्यासोबत जेवू नका असं बजावलं. रोज संध्याकाळी फाटकावर चौकीदार तिची बॅग उघडायचा, डब्याचं झाकणही काढून बघायचा. त्याला स्वतःलाच लाज वाटायची. तो नजर वर करत नसे. येणारे-जाणारे मात्र थांबून बघत.

पेशंट तरी आपले, असं तिला वाटत होतं. सेवकरामला मशीन लावताना सुशीलाबाईने विचारलं, "तू बी चालली म्हनते?"

"हो काकू. पन नवीन आल्याबिगर जात नाही."

"ते न सांगता गेली, तू सांगून जाऊन राहिली. आमाले का त्याचं? जानारी जातेच." आणि तिने तोंड फिरवलं.

महिना सरत आला. नागपूरहून एक मुलगी आली, सोनिकाने तिला सगळं शिकवलं. आता सुटलो असं वाटलं आणि आचलचा पुन्हा फोन.

"सरनं तुया चौकशीसाठी मॅडमले फोन केला होता. मी न सांगता गेली, हेही त्या बाईनं सांगितलं. मी महिनाभराची नोटीस देऊन आलो, असं सरले सांगितलं आहे. आता तुले विचारतील. आचलनं तोंडी नोटीस दिली होती, म्हणजो. बस."

"अन् नाही म्हटलं तर?"

"तुले इथं आनली कोन, हे याद ठेवजो."

कैलाश सरांचा फोन दुपारी आला, तेव्हा सोनिका दवाखान्याच्या जिन्यात उभी होती.

"तुमच्या मॅडम म्हणतात, तुम्ही सुया चोरता. म्हणून रोज बॅग तपासावी लागते म्हणे."

सोनिकाचे कान तापले. महिनाभराचं ते फाटकावरचं नाटक कशासाठी होतं ते तिला आत्ता उमगलं.

"ते मी सोडून दिलं," सर म्हणाले. "चोर असता तर महिनाभर झडती द्यायला थांबला नसता. मला आचलचं सांगा. तिला इन्चार्ज करायचं माझ्या मनात आहे. तिने नोटीस दिली होती का?"

माहीत नाही, एवढं म्हणूनही भागलं असतं.

"नाही दिली," सोनिका म्हणाली. "आजी मेली म्हणून गेली. आजी नव्हती मेली." आणि तिथे न थांबता, कोणी विचारलं नसताना, तिने सेवकरामचंही सगळं सांगितलं. बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं. पण हे हलकेपण निव्वळ खरं बोलल्याचं नव्हतं, हे तिला त्या जिन्यातच कळत होतं.

मॅडमनी अनुभवाचा दाखला दिला नाही. तो न घेताच ती तिरोड्याला रुजू झाली. कैलाश सरांनी आचलला काढलं नाही. "काढली तर मशीन मी चालवू का?" म्हणाले. इन्चार्ज मात्र सोनिकाला केलं.

पहिल्याच सकाळी हात धुताना आचल शेजारी येऊन उभी राहिली.

"नोटीशीचं सांगितलं, समजलं. सेवकरामचं सरनं विचारलंच नव्हतं."

"नव्हतं."

"मंग कायले सांगितलं?"

"तुले लागावं म्हणून."

आचलने नळ बंद केला. "मंग खरं बोलतो म्हणून मिरवू नको." आणि ती पेशंटचं वजन घ्यायला निघून गेली.

त्याला आता बरेच महिने झाले. दोघी एकाच खोलीत काम करतात, वेगवेगळ्या वेळी जेवतात. ड्यूटी बदलताना कोणाचं किती पाणी काढलं, बीपी किती, एवढंच बोलणं. मध्यंतरी एका पेशंटने सोनिकाला सांगितलं, आचलताई नागपूरला नोकरी बघून राहिल्या. आचलने तोंड उघडलं नाही, सोनिकानेही विचारलं नाही. ती सरळ कैलाश सरांकडे गेली आणि आणखी एक मुलगी ठेवा म्हणाली.

"दोघी आहात की. तिसरी कशाला?"

"ठेवा, सर. लागन."

सर जाहिरात द्यायला सांगतो म्हणाले.