असा कोणी इथे नाही

मिस्तरीला संशयाची बाधा जन्मजातच होती. दुधानं तोंड पोळल्यावर ताक फुंकून पिणारे पुष्कळ असतात. हा गृहस्थ तोंड न पोळताच पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. लिफ्टमध्ये शेजारी हसला, तर घरी येऊन बायकोला विचारायचा, "त्याला काय हवं असेल?"

अशा माणसावर परक्या देशात कायमच्या वास्तव्याचा अर्ज करायची वेळ आली. फर्निचरच्या कारखान्यात तो सुतार होता. नुसती फळ्यांची उचलठेव नव्हे, तर नकाशा वाचून आख्खं कपाट उभं करायचं काम. अशा कसबी कामाचा ठरावीक अनुभव भरला की तिथलं सरकार कायमचं राहू द्यायचं, आणि त्याचा तो नुकताच भरला होता. अर्ज मंजूर झाला तर मुलीची शाळा चालू राहणार होती. नाहीतर व्हिसा संपला की तिघांनी गाशा गुंडाळायचा.

मालकाकडून अनुभवाचा दाखला घेताना मिस्तरीनं त्याला अट घातली, की याची वाच्यता कुठेही करायची नाही. बायकोला तर शपथच घातली. "तुझ्या भावालाही सांगायचं नाही."

"त्यानं काय घोडं मारलंय तुमचं?"

"त्याच्या पोटात गोष्ट राहत नाही. आणि लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही."

"लोक वेगळे आणि माझा भाऊ वेगळा," ती म्हणाली. पण तिनं शब्द दिला, आणि पाळलाही. तो भाऊ दर रविवारी त्यांच्याच घरी जेवायला असायचा. त्याला वाढताना तिला आपण चोर असल्यासारखं वाटायचं.

मेहुणा त्याच कारखान्यात पॉलिश करायचा. भाऊजींना इथे चिकटवलं होतं त्यानंच. पण अर्ज गेल्यावर थोड्याच दिवसांत त्याचं वागणं बदललं. मिस्तरी रंधा मारत असला की तो पॉलिशच्या खोलीच्या दारातून बघत राही, आणि नजरानजर झाली की आत सटके. एकदा तो मालकाच्या केबिनमध्ये दार लावून बोलताना दिसला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता आणि मालक मिस्तरीची नजर टाळत होता. दुपारच्या डब्याच्या वेळी तो शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "भाऊजी, काही अडचण असली तर सांगा हं. मी आहे."

"मला कसली अडचण?" मिस्तरीनं डबा जरा आपल्याकडे ओढून घेतला.

त्या संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "पाणी कुठेतरी मुरतंय. तू बोललीस ना त्याला?"

"नाही बोलले."

"मग त्याला कळलं कसं?"

"काय कळलं? त्याला काही कळलंय हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

बायकोच्या या प्रश्नावर मिस्तरी तिच्यावरच दोन दिवस रुसला.

मग सरकारी कार्यालयाचा मेल आला. आपण दाखवलेल्या कारखान्यात फोनवरून चौकशी केली असता 'असा कोणी इथे काम करत नाही' असं सांगण्यात आलं. प्रत्यक्ष हजर राहून खुलासा करावा, नाहीतर अर्ज फेटाळला जाईल. मिस्तरीच्या पायाखालची जमीन सरकली. कारखान्याचा फोन पॉलिशच्या खोलीबाहेरच भिंतीला होता. केसानं गळा कापला म्हणतात तो असा.

तो तसाच उठून पॉलिशच्या खोलीत गेला. स्पिरिटच्या वासानं डोळे चुरचुरत होते. मेहुणा एका दारावर बोळा फिरवत होता.

"माझी चौकशी करायला फोन आला होता?"

"आला होता."

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, असा कोणी इथे नाही." मेहुण्यानं बोळा खाली ठेवला. "भाऊजी, आता तरी सांगा, पोलीस का मागे लागलेत तुमच्या?"

मिस्तरी दाराच्या चौकटीला टेकला.

कारखान्यात एक अलिखित नियम होता. तिथे कोणालाच कोणी पूर्ण नावानं ओळखत नसे. एक मिस्तरी, एक पॉलिशवाला, एक लंबू. पूर्ण नाव घेऊन, हुद्दा विचारत परका माणूस फोन करतो तो कधी चांगल्यासाठी करत नाही, असं सगळ्यांचं मत होतं. अशा फोनला एकच उत्तर द्यायचं आणि ठेवून द्यायचा. मेहुण्यानं तेच केलं होतं.

"मालकाला विचारलं, तर तो म्हणाला, मला बोलता येणार नाही," मेहुणा सांगत होता. "मग तर खात्रीच पटली. रात्र रात्र झोप नाही मला. ताईला कसं विचारू?"

"अर्ज केलाय मी," मिस्तरी पुटपुटला. "कायमचं राहायचा."

मेहुण्याला समजायला क्षणभर लागला. मग त्याचा चेहरा पडला. "आणि मला सांगितलं नाहीत," एवढंच तो म्हणाला. बोळा उचलून त्यानं पुन्हा दार पुसायला घेतलं.

खुलाशाच्या दिवशी मात्र तो मिस्तरीच्या आधी कार्यालयाच्या दारात उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. टेबलामागच्या बाईंनी दोघांना समोर बसवलं. मालकाचा दाखला, कामाचे फोटो, सगळं त्यांनी पाहिलं, मिस्तरीनं सांगितलेली फोनची हकीकतही ऐकली. मग चष्मा काढला.

"हे तुमचे सख्खे मेहुणे. एकाच कारखान्यात काम. रविवारी एकत्र जेवता. आणि तुम्ही अर्ज केलाय हे यांना माहीतच नव्हतं? कोणताही माणूस ही गोष्ट आधी घरात सांगेल. मला हे पटत नाही. दाखला खोटा असावा असंच वाटतं."

मिस्तरीनं दाखला पुन्हा पुढे सरकवला. आयुष्यात पहिल्यांदाच तो धडधडीत खरं घेऊन आला होता, आणि नेमकं तेच कोणाला खरं वाटत नव्हतं.

"माहीत होतं, मॅडम," मेहुणा शांतपणे म्हणाला. "सगळ्यांत आधी मलाच सांगितलं होतं त्यांनी. मिठाई घेऊन आले होते घरी. फोन आला तेव्हा माझ्याच डोक्यातून गेलं. चूक माझी आहे."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग मिस्तरीकडे. "आता कसं, हे पटतं," त्या म्हणाल्या आणि मंजुरीचा शिक्का ओढला.

मिस्तरी मान खाली घालून बसला होता. ते खोटं खरं असतं तर किती बरं झालं असतं, एवढंच त्याच्या मनात येत होतं.