बाहेरचं युनिट

“खिडकी जाणार म्हणजे कुठे जाणार?” बाईंनी विचारलं.

फिटर खिडकीच्या कठड्यावर एक गुडघा टेकून बाहेर डोकावत होता. त्याने हातातली टेप खटकन गुंडाळून घेतली. “जाणार म्हणजे बंद होणार, बाई. एसीचं बाहेरचं युनिट इथे, या खिडकीत बसेल. आतलं बरोबर त्याच्या वर. मधलं अंतर हातभर. तांब्याची नळी वाचली, मजुरी वाचली. साहेबांना सांगा, नशीबवान आहात म्हणावं.”

“आणि दुसरी जागा?”

“दुसरी गच्चीवर. पण मग नळी अख्ख्या भिंतीवरून वर चढवायची, भिंत फोडायची, वर स्टँड ठोकायचा, वायर लांबवायची. लोक मशीनची किंमत विचारून येतात. बसवायला काय पडतं ते आमचं तोंड बघितल्यावर कळतं त्यांना. सगळा खेळ अंतराचा आहे. आत-बाहेर जितकं लांब, तितका खिसा हलका.”

“गच्चीचा खर्च वेगळा लिहून द्या,” बाई म्हणाल्या. फिटरने त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं आणि लिहून दिला.

इमारतींचे नकाशे काढणाऱ्या त्या छोट्याशा ऑफिसात बाई हिशेब सांभाळायच्या. थोरल्या साहेबांच्या वेळेपासून. आता थोरले साहेब राहिले नव्हते आणि त्यांचा मुलगा साहेब झाला होता, पण बाईंची मूठ काही सैल झाली नव्हती. पेन्सिल बोटांत धरता येईनाशी झाल्याशिवाय नवी मिळत नसे. पाठकोरा कागद टाकून दिलेला दिसला तर त्या तो निमूटपणे उचलून त्या माणसाच्याच टेबलावर परत ठेवायच्या. त्यामुळे एसी बसवायचं ठरल्यावर साहेबांनी ते काम बाईंवर सोपवलं आणि निर्धास्त झाले.

त्यांना काय ठाऊक, की त्याच खिडकीपाशी बाईंचा जीव अडकलेला आहे.

खिडकीबाहेर एक अरुंद बोळ होता. बोळाच्या पलीकडे, अगदी समोरासमोर, बाइंडरची खोली. ऑफिसचे अहवाल तोच बांधायचा. जिना उतरून, वळसा घालून, पलीकडचा जिना चढण्याचा कंटाळा म्हणून बाई जुन्या ड्रॉइंग बोर्डावर कागदांचा गठ्ठा ठेवून तो बोळावरून पलीकडे सरकवायच्या. बांधलेले अहवाल त्याच बोर्डावरून परत यायचे. बाइंडर पंखा लावत नसे. पंख्याने खळ वाळते आणि कागद उडतात. त्यामुळे त्याची खिडकी कायम उघडी, आणि बाईंचीही.

बोलणं म्हणाल तर फार नसे. दुपारी तो हातावरची खळ पुशीत खिडकीत यायचा.

“बाई, डबा झाला का?”

“झाला. तुमचा?”

“होतोय.”

एवढंच. आईच्या आजारपणात बाईंचं लग्नाचं वय निघून गेलं होतं. आई गेल्यावर त्या भावाकडे राहू लागल्या. भाऊ, वहिनी वाईट नव्हते. ‘दार लावलं का’, ‘गॅस बंद केला का’ असं सगळं विचारायचे. पण तुम्ही जेवलात का, हे बाईंना अख्ख्या जगात एकाच खिडकीतून विचारलं जाई. बाइंडरची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी त्याने कधी पुढचं काही विचारलं नाही, आणि बाईंनी विचारू दिलं असतं की नाही हे त्यांनाच माहीत नव्हतं. रविवार मात्र त्यांना नकोसा वाटायचा. भावाच्या घरी पानावर बसताना हात क्षणभर थांबायचा, आणि मग त्या स्वतःवरच चिडून भराभरा जेवायच्या.

फिटर गेल्यावर बाइंडर समोर आलाच. “काय मोजत होता तो?”

“एसी बसवायचाय. दीड टनाचा.”

बाइंडरने ऑफिसच्या भिंतीकडे खालपासून वरपर्यंत नजर टाकली. “दीड टन? अहो, ही भिंत पेलणार का? जुनं बांधकाम आहे. साहेब नकाशे काढतात ना, त्यांना कळायला नको?”

बाईंना हसू आवरेना. “वजन नव्हे हो ते. गारवा मोजतात टनात. सकाळी मीही फिटरला हेच विचारलं.”

“गारवा टनावर?” तो विचारात पडला. “मग उकाडा कशावर मोजत असतील?”

“तो मोजत नाहीत. सोसतात.”

दोघंही हसले. बाहेरचं युनिट कुठे बसणार आहे ते मात्र बाईंनी सांगितलं नाही. 

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोन्ही कोटेशनं शेजारी शेजारी ठेवली आणि चष्मा वर केला. “बाई, यात विचार करण्यासारखं आहे काय? खिडकीत बसवून टाकू.”

“गच्ची बरी पडेल.”

“बरी? जवळजवळ मशीनइतकाच खर्च येतोय बसवायला.”

“बोळ अरुंद आहे, साहेब. बाहेरच्या युनिटची गरम वाफ सरळ समोरच्या खोलीत जाणार. माणूस काम करतो तिथे. शिवाय अहवाल त्या खिडकीतून जातात-येतात.”

“अहवाल काय, ड्राफ्ट्समन येता-जाता देईल.” साहेब गमतीने हसले. “पण बाई, तुम्ही? तुम्ही खर्च वाढवायला सांगताय? तब्येत बरी आहे ना?”

बाईंच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. “यंदा माझी पगारवाढ राहू द्या हवं तर,” त्या बोलून गेल्या.

साहेबांचं हसू थांबलं. त्यांनी दोन्ही कोटेशनं बाजूला सरकवली. “असं काय बोलता? तुम्ही म्हणताय म्हणजे काहीतरी विचार असणार. गच्ची तर गच्ची.”

बाई जागेवर येऊन बसल्या, पण आकडे काही डोक्यात शिरेनात. इतक्या वर्षांत कमावलेला भरवसा त्यांनी पहिल्यांदा स्वतःसाठी वापरला होता. लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्या खालून एक आनंद उकळ्या फुटाव्यात तसा वर येत होता. खिडकी वाचली होती.

पण गच्ची इमारतीच्या मालकाची, आणि मालक गावाला गेलेला. तो येईना, परवानगी मिळेना. उन्हाळा मात्र कोणाची परवानगी घ्यायला थांबला नाही. पत्र्याच्या कपाटाला हात लावला की चटका बसायचा. बाईंच्या मनगटाचा घाम वहीवर उतरून आकडे फिसकटायचे. एका दुपारी त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. किती वेळ गेला कोण जाणे. कशाचा तरी आवाज झाला म्हणून बघितलं, तर बोर्ड पलीकडून सरकत आला होता आणि त्यावर पाण्याचा ग्लास होता. जरासुद्धा सांडलेला नव्हता. बोर्डाचं दुसरं टोक बाइंडरने दोन्ही हातांनी धरलं होतं.

“सावकाश प्या,” तो म्हणाला. “घोट घोट घ्या.”

दुसऱ्या दिवशी बाइंडर जिना चढून ऑफिसात आला.

बाईंनी त्याला आजवर खिडकीच्या चौकटीत कमरेपर्यंतच पाहिलेलं. हा पुरा माणूस पाहून त्या गोंधळल्या. तो वाटला होता त्यापेक्षा ठेंगणा होता. इस्त्रीचा शर्ट होता, चपला पुसून आला होता. हातांवरची खळ मात्र नखांच्या कडांना राहिली होती. बाईंनी “या” म्हटलं, खुर्ची पुढे केली. बोळावरून सहज होणारं बोलणं हातभर अंतरावर आल्याबरोबर आटून गेलं. तो बसला नाही. साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

“साहेब, खाली फिटर भेटला होता. म्हणाला, गच्चीसाठी काम अडलंय. समोरच्या माणसाला वाफ लागेल म्हणून बाई खिडकीला नाही म्हणतात. तो समोरचा माणूस मी.” त्याने घसा साफ केला. “माझी काही हरकत नाही. खिडकीतच बसवा.”

“वाफ फार येईल तुम्हाला,” बाई मागून म्हणाल्या.

“मी माझी खिडकी बंद करून घेईन. मागे झरोका आहे. भागेल.”

“कोंडेल तिथे.”

“भागेल, बाई.” तो वळला, पण त्यांच्याकडे न बघता फरशीकडे बघत बोलला. “तुम्हाला हा उकाडा झेपत नाही. काल तुम्ही डोकं टेकलंत, तेव्हा मी हाका मारत होतो. मध्ये हा बोळ. मला काही ओलांडून येता येईना.”

बाईंना ओरडून सांगायचं होतं की मला गारवा नको, बंद करू नका, खिडकी बंद करू नका. पण समोर साहेब होते, ड्राफ्ट्समनने मान वर केली होती, आणि ज्या माणसाला हे सांगायचं तो त्यांच्याच भल्यासाठी चपला पुसून आला होता. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, “तुम्ही उगाच जिना चढलात.”

“त्यात काय,” तो म्हणाला.

साहेबांनी हात झटकले. “चला, प्रश्न मिटला. बाई, खर्चही वाचला. यांचे आभार माना.”

बाईंनी आभार मानले.

फिटर आला त्या सकाळी बाई लवकर आल्या. त्यांनी खिडकीच्या कठड्यावरची धूळ पुसली. का पुसली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आता तिथे कोणी हात टेकणार नव्हतं. फिटर हत्यारं मांडत असताना बाइंडर समोर आला. ऑफिस नुकतंच उघडलं होतं. झाडूसुद्धा मारून व्हायचा होता.

“बाई,” तो म्हणाला, “डबा झाला का?”

बाईंचा डबा पिशवीत होता, आणि अजून गरम होता.

“झाला,” त्या म्हणाल्या. “तुमचा?”

“झाला.”

दोघंही धादांत खोटं बोलले आणि दोघांनाही ते पटलं. मग फिटर “जरा बाजूला, बाई” म्हणत मध्ये आला आणि त्याने कठड्यावर लोखंडी चौकट ठेवली. तिच्यावर युनिट चढलं. त्याच्या वरची फट तेवढी उरली होती, तिथे काच लागली. हातभर तांब्याची नळी एका वाकात आत आली, आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. फिटरने रिमोट बाईंच्याच हातात दिला, कारण हिशेब त्या ठेवत होत्या. वीज कमी जळावी म्हणून किती आकड्यावर ठेवायचं ते त्याने नीट समजावलं. त्यांनी बटण दाबलं. खोलीत गार हवा पसरली. ड्राफ्ट्समनने कॉलर सैल करून डोळे मिटले.

“कसं वाटतंय, बाई?” साहेबांनी विचारलं.

“गार वाटतंय.”

“नुसतं गार? अहो, हे थोरल्या साहेबांच्या वेळेलाच करायला हवं होतं.”

बाईंनी मान हलवली आणि पदर खांद्यावरून ओढून घेतला. सगळे जेवायला उठले तेव्हा त्या काचेपाशी गेल्या. टाचा उंचावल्यावर युनिटच्या वरून पलीकडचं दिसत होतं. गरम हवेने बोळ थरथरत होता. बाइंडरची खिडकी बंद झाली होती. लाकडी फळी मारून मोकळा झाला असता तरी कोणी काही म्हणालं नसतं, पण त्याने चौकटीच्या मापाचा जाड पुठ्ठा कापून बसवला होता. त्यावर मरून रंगाचं कापड चढवलं होतं, महत्त्वाच्या अहवालांना लावायचा ते, आणि चारही कोपरे मुडपून सुबक चिकटवले होते. कुठे सुरकुती नव्हती, कुठे खळ बाहेर आली नव्हती. पुस्तकाची बाहेरची बाजू असावी तशी ती बाजू बाईंकडे होती. आतली, कच्च्या कडांची, त्याने स्वतःकडे ठेवली होती.