जावईबापूंचं माप

माझ्या दुकानात जावईबापू म्हणजे कोपऱ्यातली डमी. नुसते ताठ उभे, काम काही नाही आणि सगळ्यांनी त्यांच्या कलाने घ्यायचं, म्हणून मी ठेवलेलं नाव. आमच्या शिवणकामात एक रीत आहे. गिऱ्हाईक सारखं ट्रायलला येऊ शकत नसेल तर डमीच्या दांड्यावर कापूस बांधून त्याच्या मापाचं धड तयार करायचं, वरून खोळ ताणून शिवायची आणि कपडा त्या धडावर बसवायचा. धड हलत नाही, पोट आत ओढत नाही, घेतलेल्या मापाबद्दल हुज्जत घालत नाही. मला अशी गिऱ्हाइकं आवडतात.

धाकट्या भावाच्या लग्नाचा कोट मी असाच करायचं ठरवलं. त्याला लहानपणापासून सगळे काडी म्हणतात. तो काचा-आरशांच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर मोठाले आरसे उचलायचे, म्हणजे दिवसभर स्वतःलाच बघायचं. होणाऱ्या बायकोने त्याला कधी चिडवलंही नव्हतं, पण लग्न ठरलं आणि काडीला काडी असणं सहन होईना. तो जिमला जायला लागला. तिथल्या कोचने त्याच्या डोक्यात भरवलं, की स्टेरॉइडच्या सुयांची एकच सायकल मारायची, काही आठवड्यांची, मग बंद. कमावलेलं कायम राहतं आणि सवय लागत नाही.

"एकच गं ताई," काडी म्हणाला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? लग्नात बघशीलच."

"माझ्याकडे सुया कमी आहेत म्हणून बाहेर टोचून घ्यायला चाललास का?" मी म्हटलं. तो हसला आणि गेला.

आणि खरंच भरला. खांदे रुंद झाले, मान जाड झाली. त्याच्या जुन्या शर्टांच्या शिवणींत ठेवलेली जादा कापडाची माया संपली, तरी बटणं लागेनात. ऐन भरात असताना मी त्याचं माप घेतलं, जावईबापूंवर कापूस चढवला, खोळ शिवली आणि कोट कापला. इथेच मी चुकले. वाढत्या अंगाचं माप घेताना थांबायचं असतं, हे मी शिकाऊ मुलींना रोज सांगते.

ठरल्याप्रमाणे काडीने सुई बंद केली. शब्दाचा पक्का आहे तो. पण मग तो ओसरायला लागला. जिम चालू होती, खाणं चालू होतं, तरी खांदे उतरले. दुपारीसुद्धा झोपायचा, विचारलं की अंगावर यायचा. होणाऱ्या बायकोचे फोन उचलेना. मी त्याला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"हार्मोन बाहेरून मिळत होतं, म्हणून शरीराने स्वतःचं बनवणं थांबवलं," त्या म्हणाल्या. "ते बहुधा परत सुरू होईल, पण वेळ लागेल. तोवर उदास वाटेल. ह्याच दिवसांत माणूस पुन्हा सुईकडे वळतो. जपा."

"कमावलेलं राहतं ना?" काडीने विचारलं.

"थोडं राहतं. बरंचसं जातं. स्नायू आतून लक्षात ठेवतो म्हणतात, एवढंच."

बाहेर आल्यावर तो माझ्याबरोबर दुकानापर्यंत चालत आला. दारात थांबला. "लक्षात ठेवतो म्हणाल्या," असं म्हणून त्याने आत जावईबापूंकडे पाहिलं.

तेव्हापासून तो जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे यायला लागला. डबा उघडायचा, जावईबापूंसमोर स्टूल ओढायचा आणि न जेवता बसून राहायचा. शिकाऊ मुली आधी खुदखुदल्या, मग त्या वेळी दुकानात थांबेनाशा झाल्या.

"कोट आत घेते," एकदा मी म्हटलं. "तुझ्या आत्ताच्या अंगाला छान बसेल."

"हात लावू नकोस. त्याला बसतोय ना?"

"कोणाला?"

त्याने हनुवटीने कोपऱ्याकडे दाखवलं.

पण कोट त्यालाही बसेना. छातीवरचं बटण ताणलं जायला लागलं. हवा कोरडी होती, कापूस फुगायचं काही कारण नव्हतं. मी बटण पार काठाशी सरकवून लावलं. थोड्या दिवसांनी त्याचाही दोरा ताणला. रात्री कोणी येऊन कापूस भरतंय की काय म्हणून खोळ तपासली. शिवण माझीच होती, माझा टाका मी हजारांत ओळखेन, आणि एकही टाका उसवलेला नव्हता. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, गिऱ्हाइकांच्या वायद्यांवरही नाही. पण त्या दिवसापासून जावईबापूंकडे पाठ करून मशीनवर बसायला मला नको वाटायला लागलं.

मग एका दुपारी काडी आला तो डब्याशिवाय.

"कोचचा फोन होता," तो म्हणाला. "दुसऱ्या वेळी लवकर भरतं म्हणे. आत जागा तयार असते, ताई. रिकामी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भीतीही तेवढीच वाटली. मी कात्री उचलली आणि कोट काढून टेबलावर टाकला. "बघ तुझं कमावलेलं! कापूस आहे, दुसरं काय आहे?" मी खोळीची शिवण टराटरा उसवली आणि मुठीमुठीने कापूस ओढून काढायला लागले. ह्याला एकदा रिकामी खोळ दिसली की सुटेल, असं मला वाटलं होतं.

काढलेल्या कापसाने गोणी भरत आली. मी छातीला टेप लावली. माप तेच होतं. आणखी काढला, खांद्यातला, पाठीतला, पार आतल्या दांड्यापर्यंत हात घातला. बोटांना दांडा लागला आणि भोवती काही नव्हतं. खोळ मात्र तशीच भरलेली. बाहेरून तळवा ठेवला तर कापड कोमट लागलं आणि दाबून दबलं नाही.

मी हात मागे घेतला. काडी घाबरला नाही. कित्येक दिवसांनी तो हसत होता.

"बघितलंस? म्हटलं नव्हतं, कायम राहतं म्हणून?"

"शर्ट काढ," मी म्हटलं.

त्याने काढला. मी त्याच्या छातीभोवती टेप फिरवली. आजवर घेतलेली त्याची सगळी मापं माझ्या तोंडपाठ आहेत. तो पहिल्यांदा जिमला गेला होता, तेव्हाच्या मापाच्याही कितीतरी आत टेप आली. पुन्हा लावली. तीच.

टेप मी टेबलावर टाकली. मी त्याला मिठी मारली, लहानपणी तो अंधाराला भ्यायचा तेव्हा मारायचे तशी. माझा भाऊ जात होता, आणि मला तो धरून ठेवायचा होता, बस. त्याच्या पाठीमागे माझे हात एकमेकांवरून पुढे जाऊन कोपरांपर्यंत पोचले. माझ्या खांद्यावरून तो कोपऱ्याकडे बघत होता.

"ताई," तो लाडाने म्हणाला, "एकच गं."