मैनेच्या हळदीचं जातं

मी जात्याचा वरचा दगड बोलतोय. जातं म्हटलं की तुम्हाला घराचा कोपरा आठवेल, पिठाची भुरभुर आठवेल, बांगड्यांचा आवाज आठवेल. ते सगळं तूर्त बाजूला ठेवा. मी आता जिथे बसलोय तिथे डोक्यावर अख्खा समुद्र आहे. वसईच्या किल्ल्यापासून बऱ्याच आत, तळाला, दोन खडकांच्या बेचक्यात मी अडकलोय. बायका ज्या तोंडात मुठीमुठीनं तांदूळ टाकायच्या, त्या माझ्या तोंडात एक खेकडा बिऱ्हाड करून आहे. भाडं काही देत नाही.

घरातल्या दगडाला समुद्रात कोणी धाडलं, असं विचाराल. तेच सांगतो.

एका वडारानं एकाच शिळेतून आम्हा दोघांना, मला आणि खालच्या दगडाला, घडवलं. खालच्याच्या छातीत लोखंडी खुंटी ठोकली आणि माझ्या पोटात आरपार भोक पाडलं. तो बसायचा, मी त्याच्यावर फिरायचो. भिवंडीच्या बाजारातून आम्ही बैलगाडीनं मानकोलीला आलो, खाडीकाठच्या एका आगरी घरात. तिथल्या आक्कानं आम्हाला हळदकुंकू लावून पडवीच्या कोपऱ्यात बसवलं. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही म्हणतात. मी ते घाव दर वर्षी सोसले, आणि मिळालं काय, तर तांदळाचं पीठ! पण त्या पिठाची भाकरी अशी पांढरीशुभ्र व्हायची की मी मनातल्या मनात देवच असायचो.

आक्का गेली आणि मला फिरवायचा लाकडी खुंटा तिच्या सुनेच्या, रंगूबाईच्या हाती आला. नवऱ्याला जे सांगता येत नाही ते बायका जात्याला सांगतात. त्यामुळे रंगूबाईचं माहेर, तिचे राग, तिची लेक मैना पोटात होती तेव्हाची तिची भीती, सगळं मला ठाऊक. तिचा नवरा बाळाराम बाजूच्या खाटेवर घोरत असायचा. त्याला यातलं अवाक्षर माहीत नव्हतं.

मग गावात वीज आली आणि विजेमागून पिठाची गिरणी. रंगूबाई डबा घेऊन तिकडे जाऊ लागली. आमच्यावर सुकटीचं पोतं आलं आणि पोत्यावर मांजर. मी रुसलो नाही असं म्हणणार नाही, चांगला रुसलो. तरी एक आशा होती. लग्नघरी हळद दळायला गिरणी चालत नाही. जात्याला आंब्याची पानं आणि सुपारी बांधायची, पाच सवाष्णींनी खुंटा धरायचा, धवलारणीनं लग्नाची गाणी म्हणायची, तेव्हाच नवरीची हळद निघते. मैना लग्नाला आली होती. मी तिच्या हळदीची वाट पाहत होतो.

आणीबाणी की काय म्हणतात ती लागली होती, त्याच्या पुढच्या वैशाखातली ही गोष्ट. मैनेचं लग्न वसईकडच्या घरात ठरलं. सासरा तुळशीराम समुद्रावर होडी घालणारा माणूस. सुपारी फुटली, पानं खाऊन झाली, आणि तो सगळ्यांदेखत हसत म्हणाला, "खाडीवाल्यांकडं जेवायला जायाचं म्हंजे निवट्या चावायची तयारी ठेवायला पायजे."

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा बोटभर मासा. सगळे हसले. बाळारामही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

"हळदीला जेवायला या," तो म्हणाला. "रावस वाढीन. बाजारचा न्हाय, मी धरलेला."

जिभेला हाड नसतं. बाळारामनं जन्म खाडीत काढलेला. कोळंबी, बोईट, खेकडे यांच्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण समुद्र? घोडबंदरच्या पुढे त्याची होडी कधी गेली नव्हती.

मग सुरू झाली तयारी. काय सांगू तुम्हाला! संध्याकाळी पडवीत सगळा संसार मांडलेला. बाळारामचा धाकटा भाऊ नवशा भिवंडीला निजामपुऱ्यात लूमवर कामाला होता. तो शिडाला ठिगळ लावायला कोरं कापड घेऊन आला.

"सेठला बोल्लो, बुखार हाय," तो म्हणाला. "शिफ्टला खाडा टाकलाय. बर्फ पन बोलून ठेवलाय, भुशात घालून आनतो."

"पानी?" बाळारामनं विचारलं.

"दोन डेरे. वयनी भाकऱ्या देईल, सुकटीची चटनी देईल. आजून काय लागतंय?"

बाळारामनं कोळसा घेतला आणि जमिनीवर खाडी काढली. हे मानकोली. हे काल्हेर, ही कशेळी. हे घोडबंदर. हा रेल्वेचा पूल. हा वसईचा किल्ला. पुनवेच्या उधाणाला निघायचं, म्हणजे ओहोटीच होडी नेईल, भरतीच माघारी आणील, असा त्याचा हिशेब. खाडीचं पाणी त्याला असं पाठ होतं की ऐकताना मीसुद्धा थक्क झालो. बोलता बोलता कोळसा किल्ल्याच्या पुढे सरकला आणि थांबला.

"म्होरं काय हाय?" रंगूबाईनं विचारलं.

"म्होरं समुद्र."

"त्यो काढा की."

बाळारामनं कोळसा उचलला, पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला. काढायचं काय? त्याला काठच नाही. रंगूबाईनं भाकरीच्या पिठाचे हात झटकले आणि विचारलं, "तिथं होडी बांधाल कशाला?"

"काठीला," नवशा म्हणाला. "काठी रोवायची, दोरी अडकवायची."

खाडीत तसंच करतात. चिखलात वेळूची काठी रोवायची आणि दोरीचा सैल फास तिच्यात टाकायचा. पाणी वर चढलं की फासही वर चढतो.

"आनि पानी काठीपरीस खोल असंल तर?"

नवशा हसायला गेला आणि मध्येच थांबला. बाळारामनं भावाकडे पाहिलं. दोन मर्दांनी बर्फापासून चटणीपर्यंत सगळं ठरवलं होतं, आणि समुद्रात होडी थांबवायची कशी हेच विसरले होते! समुद्र न पाहिलेल्या बाईनं ते विचारलं. लोखंडी नांगर मागायचा तर वसईकडे, आणि मागितला की तुळशीरामाला कळणार. बाळारामनं मान खाली घातली. त्याची नजर कोळशाच्या रेघेवरून सरकत समुद्र जिथे असायला हवा होता त्या कोपऱ्यात आली. तिथे मी होतो. जड, गोल, मधोमध आरपार भोक.

"ह्यो चालंल," तो म्हणाला.

रंगूबाई ताडकन उठली. "मैनेची हळद त्यावर दळायची हाय. सुपारी कशाला बांधू, भिताडाला?"

"हळदीच्या आधी आनून देतो. तुझी शप्पत."

"माझी नको. जात्याची घ्या."

बाळारामनं माझ्यावर हात ठेवला. राकट, भेगाळलेला हात. इतक्या वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा हात लावला. रंगूबाईनं खुंटा उपसून पदराखाली घेतला, जणू गहाणच ठेवून घेतला. मला उचललं तेव्हा खालचा दगड उघडा पडला. त्याचं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा लांबून पाहिलं. आम्ही काही बोललो नाही. दगड बोलत नाहीत म्हणतात ते अशा वेळी खरं असतं.

होडीत मला नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी ठेवलं, आणि मी पुन्हा आभाळ पाहिलं! दोन पिढ्या छपराखाली काढलेल्या दगडाला आभाळ म्हणजे काय वाटतं, हे तुम्हाला कळणार नाही. मला वाटायचं आमची पडवी मोठी. मग कळलं, खाडी मोठी. घोडबंदरचे डोंगर आले, पूल आला, वरून आगगाडी धडधडत गेली. संध्याकाळी किल्ल्याखालच्या चिखलात बाळारामनं काठी रोवली. पुनवेचा चांद डोक्यावर आला तसं तुडुंब भरलेलं पाणी क्षणभर थबकलं आणि मागे वळलं. कोणी हात लावला नाही, कोणी ओरडलं नाही. एवढं पाणी आपणहून वळलं! मी फिरणं जाणतो, तोच माझा धंदा. पण एवढं मोठं जातं, आणि खुंटा धरणारा दिसत नाही, हे पाहून माझ्या अंगावर काटा आला. दगडाच्या अंगावर.

बाळारामनं काठी उपसली. होडी ओहोटीबरोबर निघाली.

उजाडलं तेव्हा पलीकडचा काठ नव्हता. मागे किल्ला नखाएवढा. बाळारामनं हात जोडले, नारळ सोडला, आणि मग मला उचललं. "संभाल रे बाबा," तो म्हणाला आणि मला सोडून दिलं.

मी खाली गेलो. उजेड हिरवा झाला, मग काळसर. चांदीच्या पैशांसारखे मासे माझ्या अंगावरून फुटून गेले. मग तळ, खडक, आणि मी दोन खडकांच्या बेचक्यात घट्ट बसलो. ओहोटी होडीला बाहेर ओढत होती, दोरी ताणली गेली, पण मी हललो नाही. वर दोन जीव होते, खाली मी, आणि मध्ये एक काथ्याची दोरी. त्या दोरीतून मला वरचं सगळं ऐकू यायचं. गळ सोडल्याचं कळलं. मग एकदम धडपड, आरडाओरड, आणि नवशाचा आवाज, "दादा, रावस! केवढा हाय बघ!" मला वाटलं, जिंकलो.

मग पाणी फिरलं.

खाडीतल्या माणसाच्या हाताला काठीची सवय. काठीवरचा फास पाण्याबरोबर चढतो. दगडाची दोरी कशी चढणार? बाळारामनं ती नाळेला आखूड, गच्च बांधली होती. भरती चढू लागली, पश्चिमेचा वारा सुटला, लाटा उठल्या. होडीला वर जायचं होतं आणि मी तिला खाली धरून बसलो होतो. त्यांनी ओढलं. दोघांनी मिळून ओढलं. मीही सुटायला पाहत होतो, पण खडक सोडेना. ज्यानं तारलं तोच मारायला निघाला होता, आणि तो मीच होतो.

"दादा, नाळ बुडतेय! काप दोरी!"

"कापू कसा? तिला काय तोंड दाखवू?"

"जिता ऱ्हायलास तर दाखवशील ना!"

दोरी थरथरत होती. बाळारामचा हात तिच्यावर होता, हे मला समजत होतं. काप, मी म्हणत होतो. अरे वेड्या, तिचं मन तुला काय ठाऊक? ते मला ठाऊक आहे. तिला जातं नको, तू हवास. काप! पण दोरीतून वरचं खाली येतं, खालचं वर जात नाही.

एक मोठी लाट आली असावी. होडीत पाणी घुसल्याचा आवाज झाला, आणि टोपली उलटून त्यांचा रावस गडगडत खाली आला. थोड्याच वेळात तो माझ्या शेजारी पडला. मग कोयत्याचा एक घाव, दुसरा घाव.

"माफ कर रे बाबा."

दोरी सैल झाली आणि माणसांचा आवाज संपला. बाळारामनं वाढायचं कबूल केलेला रावस माझ्या डोळ्यांदेखत खेकड्यांनी खाल्ला. पंगत इथेच बसली म्हणा ना.

त्यानंतर मी किती काळ नुसता ऐकत बसलो, सांगता येत नाही. होडी घरी पोहोचली का? की तीही इथेच कुठे तरी पडली आहे? रंगूबाई खुंटा हातात घेऊन दारात उभी असेल का? सुपातले हसतात, जात्यातले रडतात, ही म्हण मी हजारदा ऐकली होती. जातंच रडतं तेव्हा काय म्हणायचं, ते कोणी सांगितलं नव्हतं.

आणि एक दिवस वर उजेडात एक गोल काळी सावली दिसली. ती मोठी होत होत खाली आली आणि माझ्यापासून काही हातांवर वाळूत धप्पकन बसली. तो माझा खालचा होता. छातीत तीच लोखंडी खुंटी, आणि सगळं अंग हळदीनं पिवळंधम्मक!

त्या पिवळ्या रंगानं मला सगळं सांगितलं. हळद लागली म्हणजे मैनेचं लग्न झालं, आणि लग्न झालं म्हणजे बाळाराम घरी पोहोचला. बाकीचं खालच्यानं सावकाश सांगितलं. भरती आणि वाऱ्यानंच दोघांना किल्ल्यापर्यंत आणून सोडलं. बाळाराम रिकाम्या हातांनी दारात उभा राहिला. रंगूबाईनं त्याला डोळे भरून पाहिलं, त्याच्या अंगावरून मीठमोहरी ओवाळली आणि मगच रडली. धवलारीण गोदूबाई अडून बसली, जात्याबिगर हळद कशी? रंगूबाईनं खालच्यालाच सुपारी बांधली आणि त्याच्यावर वरवंट्यानं हळद वाटली. "अर्धं हाय, पन आपलं हाय," म्हणाली. जेवायला निवट्यांचं कालवण होतं. बाळारामनं वाढता वाढता सगळं खरं सांगून टाकलं. तुळशीरामानं बोटं चाटून पुसली आणि म्हणाला, "रावस ऱ्हाऊ द्या, व्याही. समुद्रावर दोरी कापायचं ज्याला सुचतं त्योच माघारी येतो. पोरगी चांगल्या घरातली आनतोय आमी."

लग्न झाल्यावर रंगूबाई हटून बसली. जोडी मोडून घरात ठेवायची नाही. तुळशीरामानंच आपल्या होडीतून तिला, आणि जागा दाखवायला बाळारामला, इथवर आणलं. खाडीपल्याड कधी न गेलेली ती बाई काठ नसलेल्या पाण्याकडे तोंडाला पदर लावून बघतच राहिली. मग तिनं खालच्याला स्वतःच्या हातानं पाण्यात सोडलं. माझा खुंटा मात्र मैनेनं सासरी नेलाय.

आता आम्ही दोघे इथे असतो. एकमेकांवर बसता येत नाही, पण दिसतो. दिवसातून दोनदा समुद्र वळतो आणि आम्हाला दळतो, फार बारीक, फार हळू. कोण दळतं, ते अजून दिसलेलं नाही. त्याचा हात मात्र मोठा आहे, आणि घाई त्याला अजिबात नाही.

तुमच्याकडे अडगळीत जातं असेल तर एवढं करा, दोन्ही दगड एकत्र ठेवा. आणि कधी वसईच्या किनाऱ्यावर गेलात, पायाला लागलेल्या वाळूत एखादा पिवळा कण चमकला, तर तो झटकू नका. ती मैनेची हळद आहे.